रायफल पलटणीला निशाण का नसतं? ‘क्वीन्स ओन रायफल्स ऑफ कॅनडा’चा इतिहास आणि परंपरा

ठासणीवाला

क्वीन्स ओन रायफल्सच्या टोपीवरचा बिल्ला नीट पाहिलात तर मेपलचं पान, त्यावर गोल पट्टा, वर मुकुट आणि पट्ट्याच्या मधोमध २ हा आकडा दिसतो. पलटणीच्या आजच्या नावात ‘दुसरी’ असं कुठेच नाही, मग हा दोन आला कुठून? २६ एप्रिल १८६० रोजी सहा सुट्या रायफल कंपन्या एकत्र करून जी बटालियन उभी राहिली, तिचं सरकारी नाव होतं ‘व्हॉलंटियर मिलिशिया रायफल्स ऑफ कॅनडा, दुसरी बटालियन’. मिलिशिया म्हणजे नागरिकांतून उभी केलेली अर्धवेळ फौज. पहिली बटालियन आदल्या वर्षी मॉन्ट्रियलला उभी राहिली होती. ‘क्वीन्स ओन’ हा मान १८६३ चा आणि ‘ऑफ कॅनडा’ १८८२ चं. त्याआधी ‘ऑफ टोरंटो’ होतं. नावं बदलली, आकडा बिल्ल्यावर राहिला. अखंड सेवेत असलेली कॅनडातली सर्वांत जुनी पायदळ पलटण आपली, हा त्यांचा दावा १८६० पासूनचा हिशेब धरून आहे. त्यातला ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा. ‘सर्वांत जुनी’ एवढंच म्हणालात तर मॉन्ट्रियलवाले वाद घालतील, आणि त्यांच्याकडे मुद्दे आहेत.

ही राखीव पलटण आहे. म्हणजे यातले बहुतेक जण दिवसा शिक्षक, विद्यार्थी, सुतार, बँकेतले कारकून. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि महिन्यातला एखादा शनिवार-रविवार सैनिक. मुख्य ठिकाण टोरंटोत क्वीन स्ट्रीट ईस्टवरची मॉस पार्क आर्मरी, म्हणजे पलटणीची कवायतीची इमारत.

आता धाग्याच्या नावातला प्रश्न. रायफल पलटणींना निशाण नसतं, आणि ते कुणी काढून घेतलेलं नाही. मुळात दिलंच जात नाही. अठराव्या शतकातलं पायदळ खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. धुरात आपली ओळ कुठे आहे हे कळावं म्हणून मध्यभागी निशाण लागायचं. ब्रिटिश सैन्यात १८०० च्या आसपास बेकर रायफल घेऊन जे नवे गडी आले ते ओळीत उभेच राहत नसत. दोघादोघांच्या जोड्या करून, झाडाझुडपाआड पसरून, एकजण बार भरतोय तोवर दुसरा नेम धरतोय, अशी त्यांची लढाई. पसरलेल्या माणसांना निशाण निरुपयोगी, शिवाय ‘आम्ही इथे लपलोय’ असं शत्रूला सांगणारं. हिरवा गणवेश, चमकू नयेत म्हणून काळी बटणं, इशाऱ्यांसाठी ढोलाऐवजी बिगूल आणि शिटी, हे सगळं त्याच कामातून आलेलं. क्वीन्स ओनने १८६० मध्ये रायफल हे नाव घेतलं तेव्हा हे अख्खं बिऱ्हाड सोबत आलं.

रानवारा

छान धागा. एक शंका. निशाण नाही तर जिंकलेल्या लढायांची नावं लिहितात कुठे? बाकीच्या पलटणी निशाणाच्या कापडावरच भरतकाम करून घेतात ना?

बिगूल_वाजला

बँडच्या ढोलांवर. निशाणाला जो मान, तो रायफल पलटणीत ढोलांना. शिवाय अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरका जाणारा काळा चामड्याचा पट्टा असतो, त्याला साखळीने शिटी अडकवलेली असते. ती शोभेची वाटते, पण पसरलेल्या फळीला आवाज पोचेना म्हणून आलेली आहे. रायफल पलटणीतले सार्जंट लाल कंबरपट्टा बांधत नाहीत. साध्या शिपायाला इथे ‘प्रायव्हेट’ म्हणायचं नाही, ‘रायफलमन’ म्हणायचं. आणि संगिनीला ‘संगीन’ नव्हे, ‘तलवार’. हुकूमसुद्धा ‘तलवार लावा’.

तलवार या शब्दामागे साधा हिशेब आहे. बेकर रायफलची नळी ३० इंचांची, म्हणजे नेहमीच्या बंदुकीपेक्षा बरीच आखूड. घोडदळ अंगावर आलं की रायफलवाल्यांनाही चौकोनात उभं राहावं लागे, आणि तिथे आखूड टोक उपयोगाचं नाही. म्हणून नळी जेवढी कमी तेवढं पातं वाढवलं, जवळजवळ दोन फुटांपर्यंत, मूठ वगैरे असलेलं. दिसायला तलवारच.

आता चाल. साधं पायदळ मिनिटाला १२० पावलं टाकतं, रायफल पलटण १४०. पाऊल ७५ सेंटीमीटरचं धरलं तर एकजण मिनिटाला ९० मीटर जातो आणि दुसरा १०५. संचलनात मागची रायफल पलटण पुढच्या साध्या पलटणीवर दर मिनिटाला १५ मीटर चढते. मध्ये शंभर मीटर अंतर सोडलं तरी सात मिनिटांच्या आत नाकं पाठीला लागणार. म्हणून मिश्र संचलनात एकतर रायफल पलटण सर्वांत पुढे ठेवायची, किंवा मागे थांबवून मैदान मोकळं झाल्यावर एकदम सोडायची. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यांबरोबर १२० ने चालवणं. तो सर्वांत वाईट, कारण १४० ची सवय लागलेली माणसं दर दहा पावलांनी नकळत सुटतात आणि ओळ लाटेसारखी हलते. यावर पळत्या चालीचं सलामी-संचलन वेगळं असतं, मिनिटाला १८०.

बंदूक खांद्यावर न घेता उजव्या हातात, जमिनीला समांतर, हात सरळ सोडून धरायची, ही दुसरी खूण. लांब लाकडी एनफिल्ड रायफलचा तोल नेमका मुठीत बसायचा, त्यामुळे ती तशी धरून धावता यायचं. नवशिके चुकतात ते पकडीत. मूठ तोलबिंदूच्या जरा मागे गेली की नळीचं तोंड खाली झुकतं आणि पुढच्याच्या पोटरीला लागतं. आजच्या सी-७ रायफलचं मॅगझिन खाली लोंबतं आणि पिस्तुली मूठ मध्ये येते, त्यामुळे ही कवायत पूर्वीसारखी सुबक दिसत नाही. माझ्या मते हे हत्यार या कवायतीसाठी बनलेलंच नाही, पण परंपरा म्हणून निभावून नेतात.

रानवारा

पण मग आपली मराठा लाइट इन्फंट्री? तीही झपाझप चालते, बिल्ल्यावर बिगूल आहे. तिला रायफल का म्हणत नाहीत?

ठासणीवाला

कुटुंब एक, घरं दोन. लाइट इन्फंट्री आणि रायफल, दोन्ही पसरून लढणाऱ्या फळीतून आल्या. म्हणून वेगवान चाल आणि बिगूल दोघांकडे सारखे. फरक असा की लाइट इन्फंट्री मुळात साध्या बंदुकीचं पायदळ. तिने निशाण सोडलं नाही, लाल डगलाही बराच काळ ठेवला, आणि तिच्यातला शिपाई शिपाईच राहिला. रायफलवाल्यांनी निशाण घेतलंच नाही, हिरवा-काळा रंग घेतला आणि शिपायाचा रायफलमन झाला. भारतात गढवाल रायफल्स, राजपुताना रायफल्स आणि गोरखा पलटणींत हा रायफलमन अजून सापडतो. प्रजासत्ताक दिनाचं संचलन बघताना पावलं मोजा, साधं पायदळ कोण आणि या कुटुंबातलं कोण ते बिल्ला न दिसताही कळेल.

टोपीकर

परंपरा ठीक, पण या पलटणीची पहिली लढाई म्हणजे फजितीच होती ना? रिजवे, १८६६. कुणी त्यावर नीट लिहील का? सगळीकडे ‘शूर विद्यार्थी’ एवढंच असतं.

ठासणीवाला

लिहितो, जरा मोठं होईल.

फेनियन म्हणजे अमेरिकेतले आयरिश. त्यांतले बरेचसे तिथल्या यादवी युद्धात मुरलेले शिपाई. कॅनडा ताब्यात घ्यायचा आणि त्या बदल्यात ब्रिटनकडून आयर्लंड सोडवायचं, असा बेत. १ जून १८६६ च्या पहाटे त्यांचा सेनानी जॉन ओ’नील माणसं घेऊन बफलोजवळ नायगारा नदी ओलांडून फोर्ट एरीला उतरला. टोरंटोहून क्वीन्स ओन आणि हॅमिल्टनहून १३ वी बटालियन, अधिक यॉर्क आणि कॅलेडोनियाच्या छोट्या तुकड्या, अशी साडेआठशेच्या आसपास माणसं पोर्ट कोलबोर्नला जमली. दुसऱ्या दिवशी रिजवेपर्यंत आगगाडी, पुढे स्टीव्हन्सव्हिलपर्यंत पायी. तिथे कर्नल पीकॉकच्या नियमित फौजेला मिळायचं. हुकूम १३ व्या बटालियनच्या लेफ्टनंट कर्नल आल्फ्रेड बुकरकडे, क्वीन्स ओन मेजर चार्ल्स गिलमोरकडे.

बार उडायच्या आधीच काय काय बिघडलं होतं ते बघा. सोबत घोडदळ नाही, म्हणजे पुढे काय आहे हे बघून यायला कुणी नाही. तोफा नाहीत. बहुतेकांकडे पाण्याची बाटली नाही, पडशी नाही, जूनच्या उन्हात लोकरी गणवेश. बंदुका ठासणीच्या एनफिल्ड. फक्त क्वीन्स ओनच्या पाचव्या कंपनीकडे सात गोळ्यांच्या स्पेन्सर रायफली, त्याही जेमतेम आदल्या दिवशी हातात पडलेल्या, आणि माणशी काडतुसं २८. सात-सातच्या चार भरण्या. आणि नेमकी हीच कंपनी सर्वांत पुढे ठेवली! सगळ्यांत भराभर गोळ्या संपवणारं हत्यार, सगळ्यांत कमी गोळ्या, सगळ्यांत पुढची जागा.

तरीही पहिला तासभर क्वीन्स ओन बरी लढली. पसरलेल्या फळीत पुढे सरकत तिने फेनियनांच्या पुढच्या चौक्या मागे रेटल्या. गोळ्या संपत आल्या तशा १३ व्या बटालियनच्या कंपन्या पुढे आल्या आणि बदली सुरू झाली. नेमकं तेव्हा कुणीतरी ओरडलं, ‘घोडदळ!’ रस्त्यावर दोन-चार घोडेस्वार दिसले होते, एवढंच.

घोडदळ म्हटल्यावर शिकवलेला हुकूम एकच, चौकोन करा. पसरलेली माणसं धावत येऊन चार बाजूंना तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी राहिली. घोडा संगिनींच्या भिंतीवर जात नाही, म्हणून घोडदळापुढे चौकोन भक्कम. पण समोर पायदळ असेल तर तोच चौकोन म्हणजे मोठं, दाट, न हलणारं लक्ष्य. शिवाय चारपैकी एकच बाजू गोळी झाडू शकते. फेनियनांना हे ताबडतोब उमगलं. घोडदळ नाही हे कळल्यावर हुकूम फिरला, चौकोन मोडा, पुन्हा रांगा लावा. गोळ्या अंगावर येत असताना दाटीतून रांगा लावणं ही जगातली सर्वांत अवघड कवायत आहे, आणि ती या माणसांनी आर्मरीच्या फरशीवर, निवांत संध्याकाळी केली होती. मागच्या कंपन्या मागे सरकल्या. ते पाहून इतरांना वाटलं माघार सुरू झाली. माघारीचा बिगूल वाजला आणि तो फळीभर पसरला. पुढच्या फळीतल्यांना मागे काय झालंय हे कळायच्या आत पाठीमागचा आधार निघून गेला होता.

मैदानात कॅनडाचे नऊ जण मेले, त्यांत टोरंटो विद्यापीठाच्या कंपनीतले तीन विद्यार्थी. पलटण निघाली तेव्हा टोरंटोत परीक्षा चालू होत्या, त्यामुळे त्या कंपनीतले बरेचजण मागेच राहिले होते.

टोपीकर

मस्त मांडलंय. पण सगळं खापर बुकरवर फोडायचं का?

ठासणीवाला

मी फोडलेलं नाही. १८६६ च्याच जुलैत चौकशी मंडळ बसलं आणि त्याने बुकरला दोषमुक्त केलं. लोकांनी मात्र केलं नाही. माझं मत असं की ‘घोडदळ’ अशी आरोळी आली आणि खात्री करायला स्वतःचं घोडदळ नसलं, तर कुठल्याही सेनापतीने चौकोनच केला असता. चूक त्याआधीची: डोळ्यांशिवाय फौज पाठवणं आणि चौकोन मोडून पुन्हा पसरण्याचा सराव कधी न घेणं. सरकारला तर हा दिवस विसरायचाच होता. पदक मिळायला १८९९ उजाडलं. टोरंटोतलं क्वीन्स पार्कजवळचं स्मारक मात्र १८७० चं आहे, आणि १८९० मध्ये उरलेले म्हातारे तिथे स्वतःच फुलं घेऊन जमले.

अभ्यासू_पेन्शनर

याच धाग्याला धरून एक माणूस सांगतो. रिजवेला क्वीन्स ओनचा अॅजुटंट, म्हणजे पलटणीचे हुकूम लिहिणारा-पोचवणारा अधिकारी, होता बावीस वर्षांचा विल्यम ऑटर. त्या गोंधळाचा त्याच्यावर एवढा परिणाम दिसतो की पुढे त्याने शिस्त, हजेरी, रसद, कोठी यांची बारीकसारीक नियमावली लिहिली आणि कॅनडाच्या मिलिशियात ती वर्षानुवर्षं चालली. पाण्याच्या बाटल्या कुणी मोजायच्या, इथपर्यंत. १८७४ मध्ये तो क्वीन्स ओनचा प्रमुख झाला.

पण तोच ऑटर २ मे १८८५ रोजी कट नाइफ हिलला चुकला. पश्चिम कॅनडातल्या मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) आणि क्री (मूळ रहिवासी) लोकांच्या उठावाच्या वेळी सव्वातीनशेच्या आसपास माणसं, त्यांत क्वीन्स ओनची एक तुकडी, दोन सात पौंडी तोफा आणि एक गॅटलिंग (हाताने फिरवायची मशीनगन) घेऊन त्याने क्री नायक पाउंडमेकरच्या छावणीवर पहाटे चाल केली. जागा वाईट निवडली. उघडी टेकडी आणि तिन्ही बाजूंना झाडीने भरलेल्या घळ्या. क्री योद्धे फाइन डे याच्या हुकमाखाली घळ्यांतून वर येऊन गोळी झाडत आणि पुन्हा खाली गायब होत. गंमत म्हणजे रायफल पलटणीने ज्या पद्धतीसाठी निशाण घेतलं नाही, ती पद्धत त्या दिवशी समोरच्यांनी वापरली आणि रायफलवाले माथ्यावर अडकले. तोफांचे लाकडी गाडे कुजलेले निघाले, काही बारांतच मोडले. गॅटलिंगच्या गोळ्या झाडीवरून गेल्या. सहा-सात तासांनी माघार. पाउंडमेकरने आपल्या माणसांना पाठलाग करू दिला नाही, नाहीतर दरीतल्या वाटेवर कत्तल झाली असती. आणि तरी तुरुंगात गेला तो पाउंडमेकर. कॅनडाच्या सरकारने त्याला अधिकृतपणे निर्दोष ठरवलं २३ मे २०१९ ला. पलटणीचा इतिहास सांगताना हे पान गाळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माग_काढणारा

पहिल्या महायुद्धातल्या कुणाचा माग काढणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. ‘क्वीन्स ओन रायफल्स’ हे नाव टाकून १९१४ ते १९१८ च्या सेवापुस्तिका शोधू नका, हाती काही लागणार नाही. कारण त्या युद्धात ही पलटण या नावाने गेलीच नाही. मिलिशिया आणि संरक्षण खात्याचा मंत्री सॅम ह्यूज याने तयार योजना बाजूला सारून क्वेबेकमधल्या व्हॅलकार्तिए छावणीत नुसत्या आकड्यांच्या नव्या बटालियन उभ्या केल्या. क्वीन्स ओनचे गडी तिथे टोरंटोच्या इतर पलटणींतल्यांबरोबर ३ ऱ्या बटालियनमध्ये मिसळले.

क्रम असा धरा. आधी लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाच्या संकेतस्थळावर पहिल्या महायुद्धाच्या सेवापुस्तिकांत आडनावाने शोधा. सहा लाख वीस हजारांहून अधिक फायली २०१८ पर्यंत स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. फाइल उघडली की पहिलं पान म्हणजे भरतीचा अर्ज. त्यात ‘पूर्वी मिलिशियात होतात का’ हा प्रश्न बघा. तिथे क्वीन्स ओनचं नाव बहुधा आद्याक्षरांत असतं. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, कारकुनांनी कानाला जसं आलं तसं लिहिलंय.

मग क्वीन्स ओनच्या ढोलांवर विमी, पासशनडेल या पहिल्या महायुद्धातल्या लढायांची नावं कशी? युद्धानंतर एक समिती बसली. तिने आकड्यांच्या बटालियनचा वारसा जुन्या मिलिशिया पलटणींना वाटून दिला, म्हणजे आकडा मोडीत निघाला तरी त्याचे मान कुणाकडे तरी नांदत राहिले. कॅनडाच्या राखीव पलटणींच्या ढोलांवर नि निशाणांवर त्या युद्धातली नावं दिसतात ती बहुतेक या वाटणीतून. समितीचा अध्यक्ष? वर पेन्शनरकाकांनी सांगितलेला तोच ऑटर.

अभ्यासू_पेन्शनर

अगदी. मी ते लिहायला विसरलो होतो.

नॉर्मंडी_वाचक

डी-डेबद्दल, म्हणजे दोस्त फौजा फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्या दिवसाबद्दल, कुणी बोललं नाही म्हणून. ६ जून १९४४, बर्निएर-स्यूर-मेर. एकाच पलटणीच्या दोन पुढच्या कंपन्या, आणि दोघींचे प्रमुख सख्खे भाऊ: ए कंपनी एलियट डाल्टन, बी कंपनी चार्ल्स डाल्टन.

योजना अशी होती की तरंगणारे रणगाडे आधी किनाऱ्यावर चढतील, बंदुकांच्या खोपट्या गप्प करतील आणि मग पायदळ उतरेल. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे फोर्ट गॅरी हॉर्सचे रणगाडे उशिरा आले आणि पायदळ आधी उतरलं. त्यात बी कंपनीच्या होड्या ठरल्या जागेपासून सुमारे २०० यार्ड सरकून थेट जर्मन ठाण्यासमोर लागल्या. पुढे उघडी वाळू आणि मग भिंत. पहिल्या काही मिनिटांत त्या एका कंपनीची ६५ माणसं पडली. ठाणं मोडलं ते तिघांनी: लेफ्टनंट हर्बर्ट, लान्स कॉर्पोरल टेसिए आणि रायफलमन चिकोस्की. भिंतीला चिकटून खोपटीच्या बाजूला गेले आणि हातगोळे नि स्टेनगनने आतले गप्प केले. खोपटीची भोकं किनाऱ्याच्या लांबीला रोखलेली असतात. भिंतीला अगदी लगटून येणारा माणूस त्या भोकातून दिसत नाही. समोरून धावणाऱ्यांना ती मारते, कुशीतून येणाऱ्यापुढे आंधळी.

दिवसाअखेर मृत आणि जखमी मिळून १४३, त्या दिवशी उतरलेल्या कॅनेडियन पलटणींत सर्वाधिक. किनाऱ्यावरचं लाकडी पट्ट्यांचं ते घर अजून उभं आहे आणि पलटणीच्या नावाने ओळखलं जातं. स्कारबरोत राहणाऱ्यांनी डाल्टन आर्मरी पाहिली असेल. ती या दोन भावांच्या नावाची.

पाच दिवसांनी, ११ जूनला, ल मेनिल-पात्री हे गाव. डी कंपनी रणगाड्यांवर बसून गव्हाच्या शेतांतून पुढे गेली. हल्ला घाईने आधी ओढलेला, टेहळणी नाही, तोफखान्याची पूर्वतयारी नाही. शेतात दबा धरून बसलेल्यांनी रणगाडे उडवले. पलटणीची जवळजवळ शंभर माणसं गेली, जखमी झाली वा हाती लागली नाहीत.

टोपीकर

व्हिक्टोरिया क्रॉस या पलटणीत एकच ना?

नॉर्मंडी_वाचक

दुसऱ्या महायुद्धात एकच. सार्जंट ऑब्री कोझन्स, २५-२६ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री, जर्मनीत मूसहोफ नावाच्या वस्तीत. प्लॅटूनचा अधिकारी मेला, उरले स्वतः धरून पाच. हा उघड्यावरून २५ यार्ड धावत एकुलत्या एक रणगाड्यापर्यंत गेला, बुरुजासमोर बसला आणि ‘इथे मार, तिथे मार’ असं दाखवत राहिला. रणगाड्याने पहिल्या घराची भिंत फोडली आणि हा एकटा आत शिरला. मग दुसरं घर, तिसरं. निदान वीस मारले आणि तेवढेच पकडले. काम संपल्यावर वरिष्ठांना कळवायला निघाला तेव्हा दडलेल्या नेमबाजाने टिपला. दफन नेदरलँड्समध्ये ग्रूसबेकला.

बिगूल_वाजला

आता आजचं. १९५० च्या दशकात क्वीन्स ओनच्या नियमित, पूर्णवेळ बटालियनही होत्या. शेवटची १९७० मध्ये प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि मागे टोरंटोची राखीव पलटण उरली. १९८३ मध्ये तिला हवाई छत्रीने (पॅराशूटने) उतरण्याचं काम मिळालं. म्हणून रायफल पलटण असूनही डोक्यावर हिरवी नव्हे, गडद लाल बेरे टोपी.

उडी समजून घ्यायची तर दोरी विमानातल्या तारेला अडकवून मारायची उडी, म्हणजे छत्री आपोआप उघडते. हुकमांचा क्रम ठरलेला: उभे राहा, आकडा तारेला लावा, आपली दोरी तपासा, पुढच्याची पाठ तपासा, मागून पुढे ‘ठीक’ असं कळवत या, दारात उभे राहा, उडा. बाहेर पडल्यावर हनुवटी छातीला, पाय जुळलेले, मोठ्याने मोजणी. मोजणी संपेपर्यंत झटका बसला नाही तर पोटावरची राखीव छत्री. झटका बसला तरी वर पाहायचंच, कारण दोऱ्या वळलेल्या असू शकतात. तसं असेल तर दोन्ही पट्टे बाहेर ताणून सायकल मारल्यासारखे पाय हलवायचे, पीळ सुटतो. पाठपिशवी पायाशी लोंबत असते. ती जमिनीजवळ सोडून दोरीवर खाली लटकवायची. न सोडता उतरलात तर गुडघा गेला.

उतरताना सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे जमिनीकडे टक लावणं. डोळे जमिनीवर खिळले की पाय आपोआप तिला शोधायला पुढे जातात, ताठ होतात, एक आधी टेकतो आणि घोटा मोडतो. नजर क्षितिजावर, पाय-गुडघे चिकटलेले आणि किंचित वाकलेले, मग तळवे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ अशा क्रमाने अंग लोळवायचं. अर्धवेळ सैनिकाला खरी अडचण धैर्याची नसते. दोन उड्यांमध्ये महिने जातात आणि अंग विसरतं. म्हणून दर उडीआधी जमिनीवरची उजळणी सक्तीची. छातीवरच्या पंखांत मेपलचं पान लाल असेल तर माणसाने छत्रीचं शिक्षण घेतलंय, पांढरं असेल तर छत्रीच्या तुकडीत सेवा केलीये.

रानवारा

टोरंटोतल्या एका भाच्याला यात रस आहे. नागरिकत्व नाही, पीआर आहे. वय १७. चालेल?

माग_काढणारा

पीआर चालतं, नोव्हेंबर २०२२ पासून कायम रहिवाशांना अर्ज करता येतो. राखीव दलात पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर १६ व्या वर्षापासून, पण १८ च्या आत आईवडिलांची लेखी संमती हवी. वेळ खातं ते पार्श्वभूमीचं तपासणीसत्र. परदेशात राहिलेल्या वर्षांचे पत्ते, शाळा, संदर्भ देणारी माणसं आधीच एका कागदावर तारखांसह लिहून ठेवा. पत्त्यांमध्ये एक महिन्याची जरी फट राहिली तरी अर्ज परत येतो. पुण्यात मामाकडे काढलेली सुट्टीसुद्धा लिहायची.

सेवेचे तीन वर्ग असतात. ए म्हणजे संध्याकाळ आणि शनिवार-रविवार; हजेरी सहा तासांहून कमी असेल तर अर्ध्या दिवसाचा पगार, सहा किंवा जास्त असेल तर पूर्ण. बी म्हणजे देशातच ठरावीक मुदतीचं पूर्णवेळ काम, उन्हाळ्यातली शिबिरं बहुधा यात. सी म्हणजे मोहिमेवर. ए वर्गातल्याला परदेशी मोहिमेवर परस्पर पाठवत नाहीत, तो स्वतः नाव देतो. भारतातल्या प्रादेशिक सेनेशी तुलना करणाऱ्यांसाठी: पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक बटालियन, पण तिथे माणूस वर्षातला ठरावीक काळ सलग बोलावला जातो. दर आठवड्याला संध्याकाळी आर्मरीत हजेरी हा प्रकार कॅनडातला.

अर्जात पलटणीचं नाव स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं ‘पायदळ, टोरंटो’ लिहिलं तर मॉस पार्कच्याच छताखालच्या ४८ व्या हायलँडर्समध्ये जाऊन किल्ट शिवायला टाकावा लागेल.

बिगूल_वाजला

हाहा. तिथे चाल सावकाश आहे, गुडघ्यांना बरी.

रानवारा

धन्यवाद सगळ्यांना. भाच्याला वस्तू बघायच्या असतील तर?

ठासणीवाला

कासा लोमा. तो वाडा सर हेन्री पेलाट यांनी बांधला. टोरंटोला नायगाऱ्याची वीज आणणाऱ्यांतले एक, आणि क्वीन्स ओनचे प्रमुख. १९१० मध्ये पलटणीच्या पन्नाशीला त्यांनी सहाशेहून अधिक जणांना स्वखर्चाने इंग्लंडला ऑल्डरशॉटच्या सरावाला नेलं. पुढे दिवाळखोरीत वाडा गेला, पण पलटणीचं संग्रहालय त्याच वाड्यात, वरच्या मजल्यावर आहे. तिकीट वाड्याचंच काढायचं. लिफ्टने न जाता जिन्याने गेलात तर पाय दुखतील, पण भाचा छत्रीवाल्यांत जाणार असेल तर सवय झालेली बरी.